रिंगणातील सचोटी

ग्रीस देशात ऑलिंपिया नावाचे एक प्राचीन क्रीडास्थान आहे. तेथील मंदिरे आज भग्नावस्थेत आहेत. परंतु ज्या वाटेने पूर्वी खेळाडू क्रीडांगणात प्रवेश करीत, ती वाट अजून ओळखता येते. त्या वाटेच्या कडेला दगडी चौथऱ्यांची एक रांग दिसते. या चौथऱ्यांवर एके काळी ग्रीकांचा श्रेष्ठ देव झ्यूस याचे ब्राँझचे पुतळे उभे होते. हे पुतळे कोणा विजयी वीराच्या गौरवासाठी उभारलेले नव्हते. ज्या खेळाडूंनी स्पर्धेत लबाडी केली, त्यांच्याकडून वसूल केलेल्या दंडाच्या पैशातून ते घडविलेले होते.

त्यांतील पहिले सहा पुतळे एका मुष्टियोद्ध्याच्या लबाडीची आठवण म्हणून उभारण्यात आले. इ. स. पूर्व ३८८ मध्ये थेसली प्रांतातील यूपोलस नावाच्या योद्ध्याने आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली आणि विजय मिळविला. हे कृत्य उघडकीस येताच लाच देणारा आणि लाच घेणारे अशा चौघांनाही दंड झाला. पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हे पुतळे पाहिले. ऑलिंपिक विजय पैशाने नव्हे, तर पायांच्या वेगाने आणि शरीराच्या बळाने मिळवावयाचा असतो, अशा आशयाचा लेख एका पुतळ्यावर होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. क्रीडांगणात शिरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला या पुतळ्यांवरून जावे लागे. त्याला उपदेशाची वेगळी गरजच उरत नसे.

यूपोलसच्या काळापासून आजपर्यंत मुष्टियुद्धाचे स्वरूप पुष्कळ बदलले. त्या वेळी योद्धे हातांना चामड्याचे पट्टे गुंडाळीत. आज ते जाड हातमोजे घालतात. १८६७ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार तीन मिनिटांची फेरी आणि खाली पडलेल्या योद्ध्यासाठी दहा अंकांची मोजणी रूढ झाली. १९०४ मध्ये आधुनिक ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. खेळ सुधारला, तशी लबाडीची साधनेही बदलली. प्रतिस्पर्ध्याला पैसे देऊन दुबळे करण्याऐवजी स्वतःच्या शरीरात औषधे घालून ते कृत्रिम रीतीने बळकट करण्याचा मार्ग काहींनी पत्करला. यालाच डोपिंग असे म्हणतात.

औषध ही वस्तू मुळात वाईट नाही. रोग्याला बरे करण्यासाठी वैद्य ते देतो. परंतु निरोगी मनुष्याने केवळ प्रतिस्पर्ध्यावर मात करण्यासाठी तेच औषध घेतले, म्हणजे त्याचे रूप पालटते. खेळाडू अशी औषधे निरनिराळ्या हेतूंनी घेतात, आणि त्यांचे परिणामही निरनिराळे असतात.

पहिला प्रकार उत्तेजकांचा. ॲम्फेटामिनसारख्या उत्तेजकाने मन तरतरीत होते आणि थकवा जाणवेनासा होतो. थकवा नाहीसा होतो असे मात्र नाही. थकवा हा शरीराचा पहारेकरी आहे. शरीराची मर्यादा जवळ आली, की तो हाक देतो. उत्तेजक या पहारेकऱ्याचे तोंड बंद करते. चोर मात्र घरात शिरलेलाच असतो. १९६७ च्या जुलै महिन्यात टॉम सिम्प्सन हा नामांकित इंग्लिश सायकलपटू फ्रान्समधील प्रसिद्ध शर्यतीत मोंव्हाँतू हा पर्वत चढत होता. ऊन अत्यंत कडक होते. एकदा तो पडला, पुन्हा सायकलीवर बसला आणि थोडे अंतर जाताच कोसळला. तो पुन्हा उठला नाही. त्या वेळी त्याचे वय अवघे २९ वर्षांचे होते. त्याच्या शरीरात ॲम्फेटामिन आढळले. शरीर थांबण्याविषयी सांगत असता ते त्याला ऐकू आले नव्हते.

दुसरा प्रकार स्टेरॉइडांचा. मनुष्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे एक संप्रेरक असते. स्नायूंच्या वाढीस ते साहाय्य करते. प्रयोगशाळेत तयार केलेली तशाच गुणांची औषधे घेतल्यास, व्यायामाच्या जोडीने, स्नायू लवकर पुष्ट होतात. परंतु त्याबरोबर यकृताला इजा पोहोचते, हृदयावर ताण पडतो आणि स्वभाव चिडखोर होतो. वाढत्या वयाच्या मुलांनी अशी औषधे घेतली, तर हाडांची वाढ वेळेपूर्वीच थांबते आणि उंची कायमची खुंटते.

तिसरा प्रकार रक्ताशी संबंधित आहे. एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, हे द्रव्य शरीरात मूत्रपिंडांमध्ये तयार होते. त्याच्या आज्ञेने तांबड्या रक्तपेशी वाढतात आणि स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो. मूत्रपिंडांच्या रोग्यांसाठी ते कृत्रिम रीतीने बनविले जाते. निरोगी खेळाडूने ते टोचून घेतले, तर शेवटच्या फेऱ्यांतही त्याचा दम टिकतो. पण रक्त दाट होते, आणि दाट रक्ताच्या गुठळ्या हृदयात किंवा मेंदूत अडकण्याचा धोका उत्पन्न होतो.

चौथा प्रकार मुष्टियोद्ध्यांना विशेष मोह घालणारा आहे. या खेळात वजनाप्रमाणे गट पाडलेले असतात. सामन्यापूर्वी प्रत्येकाला तराजूवर उभे राहावे लागते, आणि ठरलेल्या वजनापेक्षा थोडेसे जरी वजन अधिक भरले, तरी तो त्या गटात बसत नाही. म्हणून काही जण शरीरातील पाणी लघवीवाटे भराभर बाहेर काढणारी औषधे घेतात. वजन उतरते खरे. परंतु पाणी कमी झालेल्या शरीराला उष्णता सोसत नाही, हृदयाला अधिक श्रम पडतात आणि हातपाय दुबळे होतात. या औषधांनी लघवी पातळ होते व तिच्यातील इतर निषिद्ध द्रव्ये शोधणे कठीण जाते. याही कारणासाठी ती निषिद्ध ठरविली आहेत.

धावण्याच्या शर्यतीत एखाद्याने औषध घेतले, तर प्रामाणिक धावपटूचे पदक हिरावले जाते. हा अन्याय लहान नाही. पण पदक पुढे परत देता येते. मुष्टियुद्धाची गोष्ट वेगळी आहे. येथे एका मनुष्याचे बळ दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, बरगड्यांवर आणि मस्तकावर आदळते. कवटीच्या आत मेंदू अत्यंत मऊ असतो. जोराच्या आघाताने तो हादरतो. कधी रक्तस्राव होतो, आणि आघात वारंवार होत राहिले तर स्मरणशक्ती व वाचा उतारवयात क्षीण होऊ शकते. वजनगट, हातमोजे, पंचाचा अधिकार, डॉक्टरांची उपस्थिती हे सारे नियम हा धोका आवाक्यात ठेवण्यासाठीच आहेत. रिंगणात उतरताना प्रत्येक योद्धा प्रतिस्पर्ध्याचे ठोसे सोसण्यास संमती देतो. ती संमती प्रतिस्पर्ध्याच्या स्वतःच्या बळासाठी असते, बाटलीतून आलेल्या बळासाठी नसते.

न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या एकाच सभागृहाशी निगडित असलेल्या दोन घटनांवरून ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल.

३० एप्रिल २००५ रोजी तेथे जॉन रुईझ आणि जेम्स टोनी यांच्यात जागतिक अजिंक्यपदासाठी सामना झाला. बारा फेऱ्यांनंतर पंचांनी टोनीला विजयी घोषित केले. परंतु सामन्यानंतर घेतलेल्या त्याच्या चाचणीत नॅन्ड्रोलोन हे स्टेरॉइड सापडले. तेव्हा तो सामना निकालाविना झाला असे ठरविण्यात आले आणि अजिंक्यपद रुईझकडेच राहिले. कागदावरील निकाल अशा रीतीने सुधारला गेला. पण बारा फेऱ्यांत रुईझने जे ठोसे सोसले होते, ते मात्र कोणालाही परत घेता आले नाहीत.

दुसरी घटना २०१९ मधील आहे. इंग्लंडचा अँथनी जोशुआ हा तोपर्यंत एकही सामना न हरलेला जगज्जेता होता. १ जून रोजी त्याच सभागृहात अमेरिकेच्या जॅरेल मिलर याच्याशी त्याची गाठ पडावयाची होती. सामन्याला अद्याप कित्येक आठवडे अवकाश असता मिलरच्या चाचण्या झाल्या, आणि त्यांत ईपीओ व वाढीचे संप्रेरक यांसह एकाहून अधिक निषिद्ध द्रव्ये आढळली. न्यूयॉर्कच्या आयोगाने त्याला परवाना नाकारला. पुढे मिलरने आपली चूक कबूल केली. त्याच्या जागी अँडी रुईझ नावाच्या, मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन योद्ध्याला बोलावण्यात आले. त्याचे स्थूल शरीर पाहून तो जिंकेल असे फारच थोड्यांना वाटले. तिसऱ्या फेरीत जोशुआने त्याला खाली पाडलेही. पण रुईझ उठला, त्याच फेरीत त्याने जोशुआला दोनदा लोळविले, आणि सातव्या फेरीत पंचाने सामना थांबवून रुईझचा हात वर केला. डिसेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या सामन्यात जोशुआने आपले पद परत मिळविले, हे खरे. तथापि चाचणी वेळेवर झाली, म्हणून एका योद्ध्याच्या मस्तकावरील आपत्ती टळली आणि दुसऱ्याला संधीचे दार उघडले.

या दोन घटनांतील फरक मुख्यतः चाचणी केव्हा झाली, यात आहे. पूर्वी व्यावसायिक मुष्टियुद्धात बहुधा सामन्याच्या दिवशीच तपासणी होत असे. पण स्टेरॉइडांचा उपयोग सरावाच्या काळात केला जातो. सामन्याची तारीख अगोदर माहीत असल्यामुळे लबाड खेळाडू औषध योग्य वेळी बंद करी, आणि तपासणीच्या दिवशी शरीरात त्याचा मागमूस उरत नसे. बळ मात्र उरे. शिवाय या खेळाची व्यवस्था एकाच हाती नाही. जागतिक पदे देणाऱ्या प्रमुख संघटनाच चार आहेत, आणि अमेरिकेत तर राज्याराज्यांचे आयोग वेगळे आहेत. हा दोष ओळखून मार्गारेट गुडमन या महिला डॉक्टरांनी २०११ मध्ये व्हॉलंटरी अँटी-डोपिंग असोसिएशन ही संस्था स्थापन केली. रिंगणाशेजारी बसून जखमी योद्ध्यांवर लक्ष ठेवण्याचे काम त्यांनी पूर्वी केले होते. या संस्थेचे अधिकारी सरावाच्या काळात पूर्वसूचना न देता चाचणी घेतात. मिलरचे औषध याच संस्थेच्या चाचणीत सापडले.

अशी चाचणी कशी होते? अधिकारी खेळाडूला आपले ओळखपत्र दाखवितो आणि नमुना देण्यास सांगतो. त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत खेळाडूला दृष्टीआड होता येत नाही. तो अल्पवयीन असेल, तर त्याच्या बरोबर वडीलधारे माणूस असू शकते. खेळाडू स्वतः एक स्वच्छ भांडे निवडतो आणि त्याच लिंगाच्या अधिकाऱ्यासमोर लघवीचा नमुना देतो. नमुना किमान ९० मिलिलीटर असावा लागतो. नंतर तो स्वतःच्या हाताने दोन बाटल्यांत ओतून त्या बंद करतो. एका बाटलीवर 'अ' आणि दुसरीवर 'ब' अशा अर्थाची खूण असते. बाटल्यांची झाकणे अशी असतात, की एकदा लावल्यावर ती मोडल्यावाचून उघडत नाहीत. बाटल्यांवर क्रमांक असतो, नाव नसते; त्यामुळे नमुना जगज्जेत्याचा आहे की नवशिक्याचा, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसते.

प्रयोगशाळेत प्रथम 'अ' बाटली उघडतात. नमुन्यातील द्रव्ये एकमेकांपासून वेगळी केली जातात, आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र त्यांच्या कणांचे वस्तुमान मोजून ती कोणती आहेत हे सांगते. ज्याप्रमाणे बोटांच्या ठशांवरून मनुष्य ओळखता येतो, त्याप्रमाणे प्रत्येक द्रव्याची खूण या यंत्रात वेगळी उमटते. 'अ' बाटलीत निषिद्ध द्रव्य आढळले, तर खेळाडूला 'ब' बाटली उघडण्याची मागणी करता येते. ती उघडताना त्याला स्वतः हजर राहता येते किंवा प्रतिनिधी पाठविता येतो. दोन्ही बाटल्यांचे म्हणणे एक झाले, तरच आरोप टिकतो. निर्दोष मनुष्याला शिक्षा होऊ नये, यासाठी ही दुसरी बाटली असते. नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. आज न सापडलेले द्रव्य उद्याच्या सुधारलेल्या यंत्राला सापडू शकते.

ऑलिंपिकमध्ये औषधांच्या चाचण्या १९६८ पासून सुरू झाल्या आणि स्टेरॉइडांचा शोध १९७६ च्या माँट्रियल येथील स्पर्धेपासून घेतला जाऊ लागला. १९९९ मध्ये 'वाडा' ही जागतिक संस्था स्थापन झाली. कोणती द्रव्ये निषिद्ध आहेत, याची यादी ती दरवर्षी प्रसिद्ध करते. भारतात 'नाडा' ही राष्ट्रीय संस्था २००५ मध्ये निर्माण झाली आणि २०२२ मध्ये संसदेने या विषयावर स्वतंत्र कायदा केला. परीक्षा घेणाऱ्यांचीही परीक्षा होते, हे येथे सांगणे योग्य होईल. दिल्लीतील राष्ट्रीय प्रयोगशाळेचे काम ठरलेल्या दर्जाचे नाही, असे दिसून आल्यावर वाडाने २०१९ मध्ये तिची मान्यता स्थगित केली. दोष दूर केल्यावर २०२१ मध्ये ती परत देण्यात आली.

निवडक श्रेष्ठ खेळाडूंवर आणखी एक बंधन असते. रोज कोणत्या ठिकाणी व कोणत्या एका तासात आपण चाचणीसाठी भेटू, हे त्यांना आगाऊ कळवावे लागते. बारा महिन्यांत तीन वेळा ही माहिती चुकली किंवा अधिकारी आला असता खेळाडू भेटला नाही, तर तो गुन्हाच समजला जातो. या कारणावरून एका गुणी भारतीय महिला मुष्टियोद्धीवर २०२४ मध्ये बंदी आली आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिळविलेले स्थान तिला गमवावे लागले. तिच्या शरीरात औषध सापडल्याचा आरोप नव्हता. नियम कठोर वाटतो. पण ज्याला लपावयाचे आहे त्याला न भेटणे हाच सोपा उपाय असल्यामुळे तो करावा लागला.

या व्यवस्थेत कठीण प्रश्नही उद्भवतात. २०१८ मध्ये मेक्सिकोचा विख्यात योद्धा कानेलो आल्वारेझ याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडले. हे द्रव्य मेक्सिकोत काही लोक कायदा मोडून गुरांना चारतात, आणि ते मांसातून आपल्या पोटात गेले, असे त्याचे म्हणणे होते. तरीही त्याला सहा महिन्यांची बंदी सोसावी लागली आणि मे महिन्यात ठरलेला मोठा सामना रद्द झाला. आपल्या शरीरात जे जाते त्याला खेळाडू स्वतः जबाबदार आहे, असे नियमांचे मूलतत्त्व आहे. हे तत्त्व नसते, तर पकडला गेलेला प्रत्येक जण जेवणाकडे बोट दाखविता. मात्र औषध जाणूनबुजून घेतले की अजाणतेपणी, याचा विचार शिक्षा ठरविताना केला जातो. मुद्दाम केलेल्या पहिल्या अपराधासाठीही चार वर्षांची बंदी होऊ शकते. मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे उमेदीचा जवळजवळ सर्व काळ होय.

खेळाडू आजारी पडला, तर त्याने औषध घेऊच नये काय? तसे मुळीच नाही. मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन हवेच, आणि ते निषिद्ध द्रव्यांच्या यादीत असले तरी खऱ्या रोग्याला वैद्यकीय कागदपत्रे दाखवून त्यासाठी आगाऊ परवानगी मिळते. धोका असतो तो न विचारता घेतलेल्या वस्तूंचा. मित्राने दिलेली गोळी, दुकानातील आकर्षक डब्यातली शक्तिवर्धक भुकटी, लवकर बळ येईल असे सांगून टोचलेली सुई, यांत काय आहे हे डब्यावरील चिठ्ठीवरून नेहमी कळतेच असे नाही. म्हणून जाणता खेळाडू औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना आपण खेळाडू असल्याचे सांगतो.

मुष्टियोद्ध्याचे खरे बळ संथपणे येते. पहाटेची धाव, दोरीवरच्या उड्या, वाळूच्या पिशवीवर दिलेले ठोसे, नेमस्त आहार आणि पुरेशी झोप यांतून ते दिवसेंदिवस साठत जाते. हे बळ येत असताना त्याच्याबरोबर ते आवरण्याची शक्तीही येते. सामना संपल्यावर दोन योद्धे एकमेकांना आलिंगन देतात, ते याच कारणाने. आपल्यावर पडलेला प्रत्येक ठोसा समोरच्याने स्वतःच्या घामाने मिळविलेला होता, हे दोघांनाही ठाऊक असते. त्यांतील एकाने औषध घेतले असेल, तर त्या आलिंगनाला अर्थ उरत नाही.

ऑलिंपिया येथील ब्राँझचे पुतळे आज नाहीसे झाले आहेत; रिकामे चौथरे तेवढे उरले आहेत. यूपोलसने जिंकलेल्या सामन्यांचे वर्णन कोणाच्या स्मरणात नाही. त्याने जी लबाडी केली, ती मात्र सुमारे २४०० वर्षांनंतरही लोक सांगत आहेत.